राघोभाऊंची अडकलेली गोळी

१८ सप्टेंबर १९९७, पांडेसरा

नवी नोकरी, नवं गाव आणि नवी वही. वही शेठनेच दिली. मिलच्या नावाची डायरी आहे, वर्षाचे तीनच महिने उरलेत म्हणून दिली असेल, पण कागद गुळगुळीत आहे. पलटणीत रोजची नोंद रोज लिहायची सवय लागली ती काही सुटत नाही. मंदा म्हणते, तुम्ही जेवायला बसतानाही हजेरी लावाल.

सकाळी भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरलो. अर्धा डबा आपल्याच खानदेशातला, त्यामुळे परगावी आलो असं वाटलंच नाही. मिलमागे खाडी आहे, आज ती हिरवीगार होती. फाटकावरचा जुना वॉचमन विठ्ठल सांगत होता की परवा जांभळी होती. आत ज्या रंगाच्या साड्या, बाहेर त्या रंगाची खाडी.

काम दिवसपाळीचं, फाटकावर हत्यारी गार्ड म्हणून. शेठची अट एकच, हत्यार स्वतःचं हवं. धुळ्याहून पिस्तुलाचं लायसन्स मंजूर होऊन आलंय, सगळीकडे चालेल असा शिक्काही आहे, पण पिस्तूलच अजून घेतलेलं नाही. शेठ म्हणाले, दसऱ्यापर्यंत आणा, नोकरी पक्की करतो, मग कुटुंबाला घेऊन या.

सतरा वर्षं फौजेत काढली. प्रिया सहा वर्षांची झाली आणि मी तिच्याबरोबर सलग सहा महिनेही राहिलेलो नाही. सुट्टीवर गेलो की आमचा एक खेळ असतो. मी दारात पहाऱ्यावर उभा राहून ओरडायचं, 'थम! कौन आता है?' तिने 'दोस्त!' म्हणून किंचाळायचं आणि धावत येऊन पोटावर आदळायचं. मी जितक्या जोरात थम म्हणावं तितकी ती जोरात धावते. आता हा खेळ रोज होईल. एवढ्यासाठीच ही नोकरी टिकवायची आहे.

२० सप्टेंबर

बमरोलीत खोली मिळाली. घरमालकीण सरलाबाई पारोळ्याकडच्या, खाली एकट्याच राहतात. एकुलती एक मुलगी धनश्री मागच्या वर्षी लग्न होऊन नवसारीला गेली. माझी खोली वर, गच्चीला लागून. पत्र्याचं दार आहे आणि आतली कडी इतकी सैल की बाहेरून फटीत बोट घातलं तरी निघते. सरलाबाईंना म्हटलं, गार्डाच्या घराला चोराच्या सोयीची कडी. पहिल्यांदाच हसल्या बिचाऱ्या.

मी कुठे लागलो ते ऐकल्यावर मात्र ते हसू गेलं. त्यांचे मालक राघोभाऊ त्याच फाटकावर गार्ड होते म्हणे. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं पिस्तूल उधना दरवाजाच्या दुकानात जमा आहे, घेणार का, असं त्यांनीच विचारलं. वर प्रामाणिकपणे हेही सांगितलं, "भाऊ, ती ऐन येळवर दगा देस." गोळी वर चढत नाही, मध्येच अडकते.

मी म्हटलं, बाई, अडकणारी हत्यारं सुधारण्यातच माझी जवानी गेली. मॅगझिनची स्प्रिंग मेली असेल, दुसरं काय.

२२ सप्टेंबर

घेतलं! दुकानदार भाईदास पारशासारखी टोपी घालून बसलेला, गमतीचा माणूस. म्हणाला, श्राद्धपक्षात कुणी सुईसुद्धा विकत घेत नाही आणि तुम्ही पिस्तूल घेताय. मी म्हटलं, पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये, ही तर जुनीच आहे. तो खो खो हसला. "जूनी छे, पण चालशे," म्हणत त्याने लायसन्सवर नोंद केली.

बेल्जियमचं, बत्तीस बोअरचं. काळं, चपटं, हातात छान बसतं. बरोबर सात गोळ्या दिल्या. सहा चकचकीत आहेत. सातवीच्या पितळेवर डाव्या अंगाला लांब ओरखडा आणि टोकाला चपटा डाग. कोर्टातून पिस्तुलाबरोबर हीपण परत आली, असं भाईदास म्हणाला. कोर्टातून कशाला, हे विचारायचं राहिलंच.

रात्री मंदाला पोस्टकार्ड टाकलं. दसऱ्याला या, तिकिटं काढून ठेवा.

२५ सप्टेंबर

शेठची परवानगी काढून मिलमागे खाडीकाठी गेलो. चिखलात नळी धरली, वरचा सरकता भाग मागे ओढून सोडला. खट्. अर्ध्यातच. गोळीचं नाक चेंबरच्या खालच्या कडेला टेकून तिरपी उभी. काढून पाहिली तर ओरखड्याचीच. पुन्हा भरली, पुन्हा तिरपी. पाच वेळा तेच.

घरी येऊन मॅगझिन खोललं. तळाशी लाल चिकट थर. खंडेनवमीला राघोभाऊ हत्याराची पूजा करत आणि खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू आतबाहेर सढळ हाताने लावत, असं सरलाबाई म्हणाल्या. पूजा करावी, पण देवाला जेवू घालताना त्याचं तोंड चिकटवून टाकू नये! रॉकेलने धुतलं, स्प्रिंग बदलली, मॅगझिनचे वाकलेले ओठ सरळ केले. हत्याराला माझा हात लागला आणि ते सुधारलं नाही असं अजून झालेलं नाही.

२७ सप्टेंबर

सहा गोळ्या लोण्यासारख्या चढतात. सातवी चढत नाही. सगळ्यात खाली भरली तरी खालून अडकते, वर भरली तरी वरून. टोक चपटं झालेलं, दुसरं काही नाही. ती बाजूला ठेवून सहाच भरायच्या ठरवल्या.

संध्याकाळी सरलाबाईंनी भाकरी आणि शेवभाजी दिली, आणि राघोभाऊंची हकीकत सांगितली. भर दुपारी फाटकाच्या छोट्या दारातून तिघेजण आत शिरले, एकामागून एक, हातात सुरे. राघोभाऊंनी पिस्तूल रोखलं, ओढलं. अडकलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढेपर्यंत ते जवळ आले होते. पंचनाम्याला उचललं तेव्हा बोट चापावर होतं आणि गोळी तिरपी उभी होती. तीच ही ओरखड्याची.

जेवण गेलं नाही. गार्डाला कळतं की मरणापेक्षा ते ओढणं किती लांबलं असेल.

१ ऑक्टोबर

आज सर्वपित्री. सरलाबाईंनी गच्चीवर पान वाढलं, वडा, खीर, भात. समोरच्या अँटेनावर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. दीड तास झाला. त्या रडायलाच लागल्या. "दोन वरीस व्हयनात, भाऊ, कावळा शिवेना." दहाव्यालाही शिवला नव्हता. तेव्हा धनश्रीचं लग्न चांगल्या घरी करू म्हणून सांगितलं, त्यांच्या गावाकडच्या म्हाताऱ्या आईला सांभाळू म्हणून सांगितलं, जे जे मनात असेल ते ते बोलून झालं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि उरकलं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मंदाचं म्हणणं खरं आहे. मी पुढे झालो, सावधानमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, राघोभाऊ, तुमची अडकलेली गोळी मी चालवीन, श्रीरंग हवालदाराचा शब्द आहे.

वाक्य संपायच्या आत कावळा पानावर होता. नंतर सगळेच उतरले.

सरलाबाईंनी माझ्या पायाला हात लावला. मलाही भरून आलं. उद्याच खाडीच्या चिखलात ती गोळी झाडून टाकतो, म्हणजे राघोभाऊ सुटले आणि मीही.

२ ऑक्टोबर

नाही चढली. चिखलात, रेतीच्या बादलीत, भिंतीसमोर, कुठेच नाही. तासभर ओढत बसलो, अंगठा सोलला.

मग एक विचित्र गोष्ट झाली. खाडीकाठी चरणारी एक शेळी माझ्याकडे यायला लागली. भाकरी असेल असं वाटलं असेल तिला. माझं लक्ष तिकडे गेलं आणि हातातल्या हातात पिस्तुलाचा सरकता भाग पुढे जाऊन बंद झाला. मी ओढलंच नव्हतं. अडकलेली गोळी सरळ होऊन आत गेली, अगदी अलगद, आणि बोट चापावर आलं. घाईने नळी आभाळाकडे केली. शेळी घाबरून पळाली. ती पळताच खट् झालं. पाहतो तर गोळी पुन्हा तिरपी.

ऊन फार होतं. डोकं तापलं असेल.

४ ऑक्टोबर

गोळी खाडीत फेकली. नियमाने गुन्हा आहे, एकेक गोळीचा हिशेब द्यावा लागतो, पण फेकली. पाणी आज लाल होतं.

घरी येऊन मॅगझिन काढलं. सहा भरल्या होत्या. सात निघाल्या. ओरखड्याची सगळ्यात वर, कोरडी.

५ ऑक्टोबर

भाईदासच्या दुकानात गेलो. म्हटलं, परत घ्या, फुकट घ्या. त्याने रेतीच्या पेटीत नळी धरून ओढलं, अडकलं. तो कपाळाला आठ्या घालून पुन्हा ओढणार तेवढ्यात एक गिऱ्हाईक जिना चढून आत आलं, सरळ गल्ल्याकडे. भाईदासच्या हातात पिस्तूल बंद झालं आणि हात पेटीतून वर उठला. मी त्याचं मनगट धरून खाली दाबलं. गोळी सुटली नाही, पण हिसक्यात काऊंटरवरची काच फुटली.

त्याला काही कळलंच नव्हतं. "जुओ, माखण जेवी चाले छे," म्हणाला, उगाच घाबरता. मग काचेकडे पाहून चिडला. चालणारं हत्यार परत घेणार नाही, म्हणाला.

६ ऑक्टोबर

आता समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं.

सरलाबाई चहा घेऊन वर आल्या. पिस्तूल खाटेवर होतं, मी हातही लावलेला नव्हता. त्या उंबऱ्यातून माझ्याकडे यायला लागल्या आणि खाटेवर ते सरकलं, बंद झालं. आणि माझा हात आपोआप त्याच्यावर गेला. मी ओरडलो तशा त्या जागेवरच थबकल्या, कपबशी पडली. त्या थांबल्या म्हणून ते थांबलं.

समोर कुणी उभा असला तर त्याला नको आहे. पळणारा नको आहे. अंगावर चालून येणारा हवा. राघोभाऊंच्या हातून जो राहिला तो. तिघांपैकी पहिला.

मी शब्द दिला. गोळी चालवीन म्हणालो. कुणावर, ते बोललो नाही. कावळ्याने तेवढ्यावरच घेतलं.

सरलाबाईंना सगळं सांगितलं. शब्द परत घ्यायची काही रीत आहे का, विचारलं. त्या कपबशीचे तुकडे वेचत होत्या. कावळा शिवल्यावर नसते, म्हणाल्या.

७ ऑक्टोबर

पोलीस चौकीत गेलो, हत्यार जमा करून घ्या म्हणालो. नवरात्रीचा बंदोबस्त आहे, अर्ज लिहा, दसऱ्यानंतर या. दोनदा हात जोडले. जमादार माझ्याकडे येऊ लागला तसा मीच बाहेर पळालो.

शेठला म्हटलं, मिलच्या तिजोरीत ठेवा. हत्यार ज्याच्या लायसन्सवर त्याच्याच ताब्यात, असं म्हणाले. तेही खरंच आहे.

एसटीडी बूथवरून गावी फोन लावला. पाटलांच्या घरी निरोप दिला, मंदाला सांगा, येऊ नका, इथे साथ आहे, काहीही सांगा. पाटलीणबाई म्हणाल्या, ती तर सकाळीच निघाली, वाटेत नंदुरबारला बहिणीकडे दोन मुक्काम करून येणार आहे. मुलगी म्हणे दोन दिवस झोपली नाही.

बहिणीकडे फोन नाही.

८ ऑक्टोबर

पिस्तूल खोललं. नळी पत्र्याच्या पेटीत, स्प्रिंग गच्चीवर, बाकीचं चुलीमागे. सकाळी कमरेला होतं. जोडलेलं.

पूर्ण पिस्तूल खाडीत टाकलं. फडक्यात दगड बांधून. बुडताना पाहिलं. फाटकापर्यंत चालत आलो आणि कंबर जड लागली. फडकं कोरडं होतं.

सुट्टी मागितली. म्हटलं गाव सोडतो. उधन्याला फलाटावर उभा राहिलो तर गाडीतून उतरणारे लोक माझ्याकडे यायला लागले, एकामागून एक. परत आलो. सबंध वाट भिंतीकडे तोंड करून.

९ ऑक्टोबर

आल्या. मी कोपऱ्यात पाठ करून बसलो होतो, पिस्तूल पोटाशी, वरून चादर. प्रिया दारातूनच ओरडली. सरलाबाईंनी तिला वरच्यावर उचललं, बाबांना ताप आहे म्हणून सांगितलं. देवच त्यांच्या रूपाने.

मंदाला पाठमोऱ्यानेच सांगितलं. तिला वाटतं मला वेड लागलं. लागलेलं असू दे. दोघी खाली सरलाबाईंकडे झोपतील असं कबूल केलं, फक्त तेवढं.

प्रियाचा आवाज ऐकताच हातात ते बंद झालं होतं. इतकं मऊ कधीच बंद झालं नव्हतं.

दुपारी ती एकदा वर आली. दाराच्या फटीतून बोट घालून कडी काढली. तिला ते लगेच जमलं, नवी गंमत सापडल्यासारखी हसत होती. मंदाने ओढून नेली. मी चादर दातात धरून बसलो होतो.

तेव्हापासून कडीला सुतळी बांधतोय. गाठ बसत नाही. एका हाताने कशी बसेल. उजवा हात आता त्याच्यावरून निघतच नाही.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

डाव्या हाताने लिहितोय.

मंदाने उंबऱ्यातूनच हळदकुंकू ठेवलं, हत्याराची पूजा तरी करा म्हणाली. ती उंबऱ्याबाहेर थांबली म्हणून थांबलं. रडत होती. मलाही रडू आलं. तिला जवळ ये म्हणता येत नाही. बायकोला जवळ ये म्हणता येत नाही मला.

त्या दोघींनी आजच्या आज परत जावं म्हणून सांगितलं. उद्या दुपारची गाडी आहे. मंदाने मान डोलावली. उद्या. देवा, एवढं उद्यापर्यंत.

एक सुचलंय. माणसाचं अंग हवं ना. माझा पाय आहे. पायात घालून घेतो. लंगडा गार्ड झालो तरी चालेल. शब्द पुरा होईल.

११ ऑक्टोबर, दसरा

पायावर टेकवलं. ओढलं. अडकलं.

नऊ वेळा. गोळी तिरपी. मी माझ्याकडे चालून येत नाही ना — म्हणून —

खाली सनई लावलीय कुणीतरी. बारा वाजले. त्यांची गाडी दोनला. सरलाबाई म्हणाल्या होत्या, बाहेरून दाराला कुलूप लावते. लावल्याचा आवाज आला नाही. ओरडून विचारलं. उत्तर नाही. रिक्षा आणायला गेल्या असतील —

मंदा खाली सामान बांधते आहे. बांगड्या वाजतात. तिला हाक मारतो —

सनईत ऐकू जात नाही.

जिना वाजतोय. छोटी पावलं.

म्हणते आहे, बाबा, जायच्या आधी सोनं घ्या. आपट्याची पानं. माझ्यासाठी आणलीत. मोठ्यांना सोनं द्यायचं असतं, मीच शिकवलं —

आत्ता गोळी चढली. आवाजही नाही.

डावा हात वहीवर दाबून धरलाय. उजवा उठतोय. माझा नाही तो. राघोभाऊ, ती सहा वर्षांची आहे हो —

थम! म्हणालो. जितक्या जोरात म्हणता येईल तितक्या —

ती हसली. दोस्त! म्हणाली.

नको प्रिया — खेळ नाही हा — थम — थां—

कडीच्या फटीत बो